ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न, दूध संकलन केंद्राच्या हिशोबातून

हे प्रश्न मला टीममधली नवीन मुलं-मुली आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी नेहमी विचारतात. ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइन म्हणजे माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र ठेवणाऱ्या वस्तूंमधून (ऑब्जेक्टमधून) प्रोग्राम बांधणं; क्लास म्हणजे अशा वस्तूंचा साचा. उत्तरांत शक्यतो एकच उदाहरण ठेवलं आहे: गावातल्या दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर. अशा सॉफ्टवेअरवर मी काही वर्षं काम केलं आहे. उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, यंत्र फॅट आणि एसएनएफ सांगतं (एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून दुधात उरणारे घनपदार्थ), दरपत्रकातून लिटरचा दर निघतो, पावती मिळते. दर दहा दिवसांनी पशुखाद्य आणि उचल वजा होऊन बिल हातात पडतं. कोडबद्दल जे म्हटलं आहे ते जावा ही प्रोग्रामिंगची भाषा धरून म्हटलं आहे. इतर भाषांत तपशील बदलतील, विचार तोच राहील.

## एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, ॲब्स्ट्रॅक्शन सगळं पाठ आहे. मुलाखतीत सांगता येतं. पण कोरी फाइल समोर आली की हात चालत नाही. असं का?

कारण हे चारही शब्द बांधून झालेल्या घराचं वर्णन करतात: एन्कॅप्सुलेशन म्हणजे आतली माहिती झाकणं, इनहेरिटन्स म्हणजे एका (पालक) क्लासवरून दुसरा (सबक्लास) काढणं, पॉलिमॉर्फिझम म्हणजे एकाच हाकेला प्रत्येक क्लासने आपापल्या परीने उत्तर देणं, ॲब्स्ट्रॅक्शन म्हणजे तपशील बाजूला ठेवून कामापुरतं दाखवणं. पाया कुठे खणायचा हे त्यांतून कळत नाही.

सुरुवात कामापासून करा. सकाळी सहाला केंद्रावर काय घडतं ते साध्या मराठीत दहा-बारा ओळींत लिहून काढा. कोड नंबर विचारला. दूध मोजलं. नमुना यंत्राला लावला. फॅट ३.८, एसएनएफ ८.६ आलं. दर निघाला. पावती फाडली. आता या ओळींमागचे नियम शोधा: फॅट ठरावीक आकड्याखाली गेलं तर दूध परत, दर फॅट आणि एसएनएफच्या जोडीवरून, उचलीचा हप्ता बिलाच्या निम्म्यापेक्षा जास्त कापायचा नाही. मग प्रत्येक नियमापुढे एक प्रश्न लिहा: हा नियम उद्या बदलला तर मी कोणती फाइल उघडीन?

उत्तर एका फाइलचं नाव असेल तर त्या नियमापुरतं डिझाइन झालं. ‘तीन-चार ठिकाणी बघावं लागेल’ असं उत्तर आलं तर ते अजून व्हायचं आहे. नियमाला एक घर हवं आणि एकच हवं. खालच्या बहुतेक उत्तरांत मी याच मुद्द्याकडे परत येणार आहे, कारण माझ्या अनुभवात बाकीचं सगळं त्यातून निघतं.

## क्लास शोधायचे कसे? वर्णनातली नामं उचलायची असं आम्हाला शिकवलंय.

नामांनी सुरुवात होते, पण तिथेच थांबलं तर ‘उत्पादक’, ‘केंद्र’, ‘किटली’ असे क्लास होतात आणि खरं काम करणारे राहून जातात. आमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचा क्लास ‘दरपत्रक’ निघाला. तो कागद केंद्राच्या भिंतीवर चिकटवलेला असतो, म्हणून पहिल्या बैठकीत कुणी त्याचं नावही घेतलं नव्हतं. दुसरा तसाच ‘वजावट’.

केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये एक पद्धत मांडली, ती मी आजही वापरतो. हाताएवढ्या कार्डावर क्लासचं नाव, डावीकडे त्याच्या जबाबदाऱ्या, उजवीकडे कामासाठी त्याला लागणारे बाकीचे क्लास. टीममधल्या प्रत्येकाने एकेक कार्ड हातात धरायचं आणि एक दूधनोंद सुरुवातीपासून बिलापर्यंत बोलत-बोलत चालवायची. ‘मला फॅट दे’, ‘दर तू काढ’, ‘पावतीला काय देऊ?’ असं. एखाद्या कार्डावर लिहायला जागा उरली नाही तर तो क्लास फार मोठा झालाय. एखादं कार्ड शेवटपर्यंत गप्प बसलं तर तो नकोच होता. अर्ध्या तासात जे कळतं ते आकृत्या काढून दोन दिवसांत कळत नाही.

## ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धत मुळात आली कुठून?

नॉर्वेतून. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी १९६०च्या दशकात सिम्युला ही भाषा केली. खऱ्या जगातल्या व्यवस्था संगणकावर चालवून बघणं हा तिचा हेतू होता. सिम्युला ६७ मध्ये क्लास आणि सबक्लास दोन्ही होते. पुढे झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडवली. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हे नाव के यांचंच. त्यांचा सगळा भर ऑब्जेक्ट एकमेकांना पाठवतात त्या निरोपांवर होता. बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये ‘सी’ या भाषेत क्लास आणायला सुरुवात केली, त्यातून सी प्लस प्लस झाली. जावा १९९५ मध्ये आली.

निरोपांचा हा भाग आपल्या अभ्यासक्रमात मागे पडतो. क्लास म्हणजे माहितीचा डबा असं मुलांच्या मनात बसतं, आणि पुढच्या प्रश्नातली चूक तिथूनच होते.

## सगळे फील्ड प्रायव्हेट केले, प्रत्येकाला गेटर-सेटर दिले. झालं ना एन्कॅप्सुलेशन?

नाही झालं. फील्ड म्हणजे क्लासमधली माहिती; गेटर ती बाहेर देतो, सेटर ती बाहेरून बदलू देतो. दाराला कुलूप लावून किल्ली बाहेर खिळ्याला अडकवली, एवढंच झालं.

‘बिल’ या क्लासला ‘एकूण रक्कम सेट कर’ अशी मेथड (क्लासला सांगता येणारं एक काम) आहे असं धरा. बिलाच्या स्क्रीनचा कोड बिलातून दूधनोंदी घेतो, बेरीज करतो, उचल वजा करतो आणि एकूण रक्कम बिलात परत घालतो. छापाईच्या कोडला तीच रक्कम हवी असते, म्हणून तिथेही तीच बेरीज लिहिली जाते. मोबाइल ॲपसाठी तिसऱ्यांदा. मग एक दिवस संस्था ठरवते की उचलीचा हप्ता बिलाच्या निम्म्याऐवजी चाळीस टक्क्यांपर्यंतच कापायचा. दोन ठिकाणी बदल होतो, तिसरीकडे राहतो. उत्पादकाच्या ॲपवर एक आकडा, कागदावर दुसरा.

इथे सेटर काढून टाका. बिलाला नोंदी आणि वजावटी द्या आणि विचारा, ‘देय रक्कम किती?’ बेरीज कशी केली हे बाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही. डेव्हिड पारनास यांनी १९७२ च्या निबंधात हेच मांडलं होतं: जो निर्णय बदलण्याची शक्यता आहे तो एका मॉड्यूलच्या पोटात लपवा. कामाच्या पायऱ्यांप्रमाणे कोड तोडू नका. तो निबंध लहान आहे, अजून वाचण्यासारखा आहे.

एक सोपी खूण सांगतो. तुमच्या कोडमध्ये एका ऑब्जेक्टचे तीन-चार गेटर ओळीने हाक मारून गणित केलेलं दिसलं तर ते गणित त्या ऑब्जेक्टच्या आत हलवून बघा. दहापैकी आठ वेळा कोड छोटा होतो.

## फॅट म्हणजे आकडा, एसएनएफ म्हणजे आकडा. त्यासाठी वेगळे क्लास करणं जास्त होत नाही का?

मलाही पूर्वी तसंच वाटायचं. एका केंद्रावर जे झालं त्याने माझं मत कायमचं बदललं.

दर काढणारी मेथड दोन दशांश आकडे घ्यायची: पहिला फॅट, दुसरा एसएनएफ. चुकीची नोंद दुरुस्त करायला एक नवीन स्क्रीन केली, तिथून आकडे उलट क्रमाने गेले. कंपायलरला (कोड तपासून यंत्राला समजेल असा करणाऱ्या प्रोग्रामला) दोन्ही सारखेच. दरपत्रकात न बसणाऱ्या आकड्यांना जवळचा कडेचा दर द्यायचा असा जुना कोड होता, त्यामुळे एररही आली नाही. दुरुस्त केलेल्या प्रत्येक नोंदीला गुपचूप चुकीचा दर लागत राहिला. ते आम्ही पकडलं नाही. एका आजींनी पकडलं. त्यांनी मागच्या आठवड्याच्या सगळ्या पावत्या रुमालात बांधून आणल्या होत्या. सचिवांच्या टेबलावर ओळीने मांडून त्यातली एक बोटाने पुढे सरकवली आणि म्हणाल्या, ‘म्हैस तीच, वैरण तीच, मग ह्याच दिवशी दर का पडला?’ मी त्या दिवशी केंद्रावर होतो. दुरुस्त झालेल्या सगळ्या नोंदी शोधून फरकाची रक्कम पुढच्या बिलात दिली गेली, पण ती पावती मी विसरलेलो नाही.

त्यानंतर ‘फॅट’ आणि ‘एसएनएफ’ असे दोन छोटे क्लास केले. प्रत्येकात एकच आकडा, तो तयार होतानाच तपासला जातो, पुढे बदलता येत नाही. आता ‘दरपत्रक.दर(एसएनएफ, फॅट)’ असं कुणी लिहिलं तर कोड कंपाइलच होत नाही. जावा १६ पासून रेकॉर्ड आहेत, त्यामुळे असा क्लास चार-पाच ओळींत होतो.

हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरमध्ये झाली होती. एका बाजूचं सॉफ्टवेअर रेट्याचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वाचत होती. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाजवळ हरवलं. आकड्याला एकक चिकटलेलं नव्हतं.

प्रत्येक आकड्याला क्लास करा असं मी म्हणत नाही. जिथे एकाच प्रकारचे दोन आकडे शेजारी-शेजारी जातात, किंवा आकड्याला एकक किंवा मर्यादा आहे, तिथे नक्की करा.

## पैसे डबलमध्ये ठेवले तर काय बिघडतं?

०.१ आणि ०.२ यांची डबलमध्ये (जावाच्या दशांश आकड्यांच्या प्रकारात) बेरीज करून छापा. ०.३०००००००००००००००४ असं येतं. बायनरीत ०.१ अचूक मांडताच येत नाही. पैशांसाठी बिगडेसिमल हा अचूक दशांशाचा क्लास वापरा किंवा सगळे हिशोब पैशांत, पूर्णांकात करा. बिगडेसिमल तयार करताना डबल देऊ नका, स्ट्रिंग (अक्षरांत लिहिलेला आकडा) द्या, नाहीतर डबलची चूक आत घेऊनच तो जन्माला येतो. आणि लक्षात ठेवा, बिगडेसिमलच्या इक्वल्सला २.० आणि २.०० वेगळे वाटतात. तुलनेसाठी कम्पेअरटू आहे.

खरी गंमत राउंडिंगमध्ये आहे. ७.३ लिटर दूध, दर ३४.३५ रुपये. रक्कम २५०.७५५. प्रत्येक वेळच्या पावतीवर वरच्या पैशाला नेली तर २५०.७६. दहा दिवसांत वीस वेळा हेच दूध आलं तर पावत्यांची बेरीज ५०१५.२० होते. राउंडिंग फक्त शेवटी केलं तर ५०१५.१०. फरक दहा पैशांचा. पण पावत्या जपून ठेवणारा माणूस बेरीज करून येतो तेव्हा त्याला दहा पैसे का चुकले याचं उत्तर हवं असतं, आणि ते मागणं रास्त आहे. कुठली रीत बरोबर हे डेव्हलपरने ठरवायचं नाही. संस्थेला विचारा, लेखी घ्या, आणि ‘रक्कम’ या एका क्लासमध्ये लिहा.

## इनहेरिटन्स कधी वापरायचं? ‘गाईचं दूध हे दूध आहे’ म्हणजे सबक्लास, असंच ना?

बोलण्यात ‘आहे’ आलं म्हणून सबक्लास होत नाही. कसोटी वेगळी आहे. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये ती मांडली: जिथे पालक क्लासची वस्तू चालते तिथे मुलाची वस्तू ठेवली तर कोडचं वागणं बिघडता कामा नये.

आमच्या कोडमध्ये ‘दूध’ हा पालक होता, ‘गायदूध’ आणि ‘म्हैसदूध’ ही मुलं. पुढे परत पाठवलेल्या दुधाची नोंद ठेवायची ठरली, तर कुणीतरी ‘परतदूध’ हा तिसरा मुलगा केला. परत पाठवलेल्या दुधाला दर नसतो, म्हणून त्याची दर देणारी मेथड एक्सेप्शन फेकायची, म्हणजे चूक झाली असं सांगून काम थांबवायची. दहाव्या दिवशी बिलं काढताना बेरजेचा लूप पहिल्या परतदुधापाशी कोसळला. लूप लिहिणाऱ्याची काही चूक नव्हती. प्रत्येक दुधाला दर असतो असं पालकाने वचन दिलं होतं आणि मुलाने ते मोडलं होतं.

जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही असं उदाहरण आहे. स्टॅक हा व्हेक्टरचा सबक्लास आहे. त्यामुळे स्टॅकच्या मधोमध वस्तू घुसवता येते. स्टॅकचा अर्थच त्यामुळे जातो. जुना कोड मोडू नये म्हणून ते आजही तसंच ठेवावं लागलं आहे. इनहेरिटन्सची चूक निस्तरणं किती अवघड असतं ते यातून दिसतं.

शेवटी आम्ही गाय-म्हैस ही सबक्लासची जोडीच काढून टाकली. दोघांच्या वागण्यात फरक एकच होता: दरपत्रक वेगळं. मग ‘दूधनोंद’ एकच ठेवली आणि तिला योग्य दरपत्रक दिलं. काही केंद्रांवर मिश्र दूध येतं, त्याचं दरपत्रक आलं तेव्हा एकही नवीन क्लास लागला नाही. आधी वस्तू आत घेऊन काम होतं का बघा. पालकाचं प्रत्येक वचन मूल पाळेल याची खात्री असेल तेव्हाच इनहेरिटन्स.

## प्रत्येक क्लासला इंटरफेस हवा का?

नको. इंटरफेस म्हणजे कोणती कामं होतील याची फक्त यादी, ती करणारा क्लास वेगळा. ‘बिलसेवा’ आणि तिच्यामागे एकुलता एक ‘बिलसेवाइम्पल’ अशा जोड्यांनी प्रोजेक्ट भरतो आणि कोड वाचणाऱ्याला दर वेळी दोन फाइली उघडाव्या लागतात.

जिथे तुमचा कोड बाहेरच्या जगाला टेकतो तिथे इंटरफेस ठेवा. फॅट मोजणारं यंत्र सिरियल पोर्टवरून आकडे पाठवतं, प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. ‘दूधतपासणी’ असा एक इंटरफेस आणि प्रत्येक यंत्रासाठी एक छोटा क्लास केला की बाकीच्या कोडला यंत्र बदललेलं कळतही नाही. शिवाय टेस्टसाठी (कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या छोट्या कोडसाठी) खोटं यंत्र मिळतं. ऑफिसात म्हैस आणावी लागत नाही.

## डिझाइन पॅटर्न किती शिकू? तेवीसच्या तेवीस?

पॅटर्न म्हणजे नेहमी येणाऱ्या अडचणींची नाव दिलेली उत्तरं. १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या प्रसिद्ध पुस्तकात ते २३ आहेत. सगळे एकदा वाचा, पण पाठ करू नका. वरच्या उत्तरांत दोन येऊन गेले: दूधनोंदीला बाहेरून दरपत्रक देणं म्हणजे स्ट्रॅटेजी, यंत्राभोवतीचा छोटा क्लास म्हणजे ॲडॉप्टर. आम्ही ते पॅटर्न म्हणून वापरायला गेलो नव्हतो. अडचण सोडवली आणि नंतर कळलं की याला नाव आहे. नावाचा खरा उपयोग बोलताना होतो. ‘इथे ॲडॉप्टर टाक’ म्हटलं की पाच मिनिटांचं स्पष्टीकरण वाचतं.

सिंगलटनपासून, म्हणजे प्रोग्रामभर एखाद्या क्लासची एकच वस्तू असू देणाऱ्या पॅटर्नपासून, जरा लांब राहा. शिकायला तो सगळ्यात सोपा, म्हणून सगळ्यात आधी वापरला जातो. पण तो नाव बदलून आलेला ग्लोबल व्हेरिएबलच असतो. एका टेस्टने त्यात ठेवलेलं दुसरीला दिसतं, आणि टेस्टचा क्रम बदलला की निकाल बदलतो. एकच वस्तू हवी असेल तर प्रोग्राम सुरू होताना एक तयार करा आणि ज्यांना लागते त्यांना कन्स्ट्रक्टरमधून (वस्तू तयार करणाऱ्या मेथडमधून) द्या.

## सॉलिडमधल्या ‘एका क्लासची एकच जबाबदारी’ याचा नेमका अर्थ काय? एकच मेथड?

नाही. सॉलिड म्हणजे क्लासच्या डिझाइनची पाच तत्त्वं. ती रॉबर्ट मार्टिन यांनी एकत्र केली, सॉलिड हे नाव मायकल फेदर्स यांनी सुचवलं. मार्टिन यांच्या मांडणीत या तत्त्वाचा अर्थ ‘बदलायचं एकच कारण’ असा आहे. मी तो माणसांवरून ओळखतो. हा क्लास बदलायला कोण सांगेल? दराचा नियम दूध संघ बदलतो. वजावटीचे नियम संस्थेची समिती बदलते. पावतीची मांडणी प्रिंटर बदलला की बदलते. या तिघांची मागणी एकाच क्लासवर येऊन आदळत असेल तर तो फोडा. एकच माणूस ज्याबद्दल बोलतो अशा दहा मेथड एका क्लासमध्ये असल्या तरी चालतील.

बाकीच्या चारांपैकी लिस्कोव्ह यांचं वर आलंच. उरलेली तीन इंटरफेसच्या प्रश्नाशी जवळची आहेत. तो प्रश्न नीट समजला की ती अवघड जात नाहीत.

## दर मधेच बदलतो. जुनी बिलं पुन्हा छापली तर नवीन दराने येतात. काय करावं?

नवीन टीमकडून हमखास होणारी चूक आहे ही. दरपत्रकात ‘सध्याचा दर’ एवढंच ठेवलेलं असतं.

दरपत्रकाला ‘लागू दिनांक’ द्या. जुनं दरपत्रक कधीच बदलू नका, नवीन तयार करा. नोंद होताना जो दर लागला तो नोंदीतच लिहून ठेवा, आणि कोणत्या दरपत्रकावरून लागला तेही. पावती हा उत्पादकाच्या हातात गेलेला शब्द आहे. उद्याच्या हिशोबाने तो फिरता कामा नये. दर मागच्या तारखेपासून वाढवून मिळाला तर जुन्या नोंदीला हात न लावता ‘दरफरक’ अशी वेगळी नोंद करा. सचिव वहीत तसंच करतात.

आणि कोडच्या पोटात ‘आजची तारीख दे’ असं विचारू नका. तारीख बाहेरून द्या, म्हणजे टेस्टमध्ये एकतीस तारखेचं बिल कोणत्याही दिवशी काढून बघता येतं. जुना डेट क्लास वापरू नका, तो तयार झाल्यावरही बदलता येतो. जावा ८ सोबत २०१४ मध्ये आलेलं जावा टाइम वापरा.

## कोड जुना आहे, वर्षानुवर्षं चाललाय. नवीन प्रोजेक्टमध्ये तसाच उचलला तर?

एरियान ५ या युरोपीय रॉकेटची हकीकत आठवा. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कुरू. रॉकेट उडालं आणि ४० सेकंदांच्या आत त्याचं नियंत्रण गेलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेत एरियान ४ मधला कोड तसाच घेतला होता. त्यात ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवला जायचा. एरियान ४ च्या उड्डाणमार्गावर तो आकडा तेवढा मोठा होतच नव्हता. एरियान ५ वेगळ्या मार्गाने, जास्त आडव्या वेगाने गेलं आणि आकडा मावला नाही. दुर्दैव असं की उड्डाणानंतर त्या गणिताची गरजच नव्हती.

कोड बरोबर होता, त्याखालचं गृहीतक दुसऱ्या रॉकेटचं होतं. म्हणून गृहीतक कोडमध्येच लिहा, कन्स्ट्रक्टरमध्ये तपासा आणि मोडलं तर तिथल्या तिथे स्पष्ट संदेश देऊन थांबा. आमच्या दरपत्रकात कडेचा दर देऊन पुढे जाणारी ती ओळ आठवते? तिथे थांबायला हवं होतं.

## नलचं काय करायचं?

नल म्हणजे ‘इथे वस्तूच नाही’ असं सांगणारी खूण; तिच्याकडून काम मागितलं की प्रोग्राम कोसळतो. टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत नल रेफरन्स आणला आणि २००९ मध्ये त्यालाच आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मेथडमधून यादी परत देत असाल तर नलऐवजी रिकामी यादी द्या. उत्तर नसणं शक्य असेल तर ऑप्शनल (उत्तर असेल किंवा नसेल असं उघड सांगणारा डबा) द्या. फील्डला नल येऊ शकत नाही हे कन्स्ट्रक्टरमध्येच पक्कं करा. एवढ्याने बहुतेक त्रास संपतो.

## इफ-एल्सची साखळी दिसली की पॉलिमॉर्फिझम आणायचं का?

एकाच ठिकाणी असेल तर राहू द्या. तीच अट तिसऱ्या ठिकाणी लिहायची वेळ आली की थांबा. तोपर्यंत फरक कशाचा आहे हे तुम्हाला कळलेलं असतं, म्हणून क्लासही बरोबर पडतात. प्रकार मोजके आणि ठरलेले असतील, जसे की वजावटीचे, तर जावा १७ चे सील्ड क्लास (ज्यांचे सबक्लास आधीच ठरवून दिलेले असतात) आणि जावा २१ चा स्विच उत्तम. एखादा प्रकार हाताळायचा राहिला तर कंपायलर सांगतो.

## क्लासची नावं इंग्रजीत द्यावीत की मराठीत?

जो शब्द काम करणारा माणूस वापरतो तो. आम्ही आधी उचलीला ‘ॲडव्हान्स’ आणि ‘लोन’ अशी दोन नावं दिली होती, दोन वेगवेगळ्या डेव्हलपरांनी. केंद्रावर दोन्हींना ‘उचल’च म्हणतात. वजावटीतल्या दोन बगांचं मूळ तिथे सापडलं. त्यानंतर ‘उचल’ हेच नाव रोमन अक्षरांत ठेवलं आणि प्रोजेक्टमध्ये अशा तीसेक शब्दांची अर्थासह यादी ठेवली. नवीन माणसाला पहिल्या दिवशी ती वाचायला देतो. जावात देवनागरी नावं चालतात, मी करून पाहिलं आहे, पण दर शब्दाला कीबोर्ड बदलावा लागतो आणि टीममधल्या बाकीच्यांची अडचण होते.

## हाताखाली तीन हजार ओळींचा एक क्लास आलाय, एकही टेस्ट नाही. कुठून सुरू करू?

आधी काहीही सुधारू नका. मागच्या तीन महिन्यांची छापलेली बिलं घ्या. तोच डेटा आजच्या कोडमधून चालवा आणि येणारं उत्तर जसंच्या तसं ‘अपेक्षित’ म्हणून जेयुनिट या टेस्टच्या साधनात लिहिलेल्या टेस्टमध्ये ठेवा. ते चुकीचं वाटलं तरी. लोक त्या उत्तरावर चालत आले आहेत, त्यामुळे बदल करायचा तर तो जाणूनबुजून व्हायला हवा.

मग एक नियम उचला, सगळ्यात जास्त वेळा बदलतो तो. कोणता ते गिटच्या (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात दिसेल. तो वेगळ्या मेथडमध्ये काढा, टेस्ट चालवा, कमिट करा (बदल गिटमध्ये नोंदवा). मग ती मेथड नवीन क्लासमध्ये हलवा, टेस्ट, कमिट. एकाच कमिटमध्ये कोड हलवणं आणि वागणं बदलणं असं दोन्ही करू नका. बिल चुकलं तर कशामुळे चुकलं हे मग शोधता येत नाही. आमच्या दर काढण्याच्या कोडला असं करायला पाच आठवडे लागले, रोजची कामं सांभाळून. नव्याने लिहायला घेतलं असतं तर तो क्लास अजूनही तिथेच असता असं मला वाटतं.

## सराव कशावर करू? लायब्ररी मॅनेजमेंट करून कंटाळा आलाय.

मेसचा डबा घ्या. महिन्याचे पैसे ठरलेले, पण आदल्या रात्री कळवलं तर त्या दिवसाचा खाडा धरायचा. रविवारी एकच वेळ. पाहुणा आला तर जादा डबा. महिन्याच्या मध्यावर दर वाढला. अर्धा डबा घेणारेही आहेत. महिनाअखेरीला प्रत्येकाचं बिल काढा. स्क्रीन नको, डेटाबेस नको, फक्त क्लास आणि टेस्ट.

झालं की मित्राला किंवा मैत्रिणीला एक नियम बदलायला सांगा, तुम्हाला आधी न सांगता: सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरायचा नाही, किंवा उपवासाचा डबा वेगळ्या दराने. बदल करा आणि किती फाइली उघडाव्या लागल्या ते मोजून लिहून ठेवा. मग दुसरा नियम, मग तिसरा.